कातिब, शिळाप्रेस आणि आमच्या वाचनालयातला काँप्युटर

आमच्या मोहल्ल्यातल्या वाचनालयात मागच्या वर्षी काँप्युटर आला. दोन खोल्या, चार लोखंडी कपाटं, निम्मी उर्दू आणि निम्मी मराठी पुस्तकं, खिडकीपाशी वर्तमानपत्रांचं लांब टेबल. नेमाने येणारे सभासद बहुतेक साठीच्या पुढचे. निवृत्त शिक्षक, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर, एक शिंपी, दोघे-तिघे व्यापारी. समितीतल्या तरुण मंडळींनी वर्गणी काढून काँप्युटर घेतला, कॉलेजच्या एका मुलाकडून सगळ्या पुस्तकांच्या नोंदी करून घेतल्या आणि दाखल-नोंदीचं जाड रजिस्टर बांधून वरच्या फळीवर ठेवलं. आता पुस्तक हवं असेल तर नाव टाइप करा, कपाटाचा नंबर येईल.

दोन महिन्यांत पुस्तकांची देवघेव जवळजवळ थांबली.

समितीच्या बैठकीत सेक्रेटरी वैतागून म्हणाला, "सर, या चाचा लोकांना काही नवीन नकोच असतं. आपल्या लोकांचं पहिल्यापासून हेच आहे. छापखाना आला तेव्हासुद्धा मौलवींनी तीनशे वर्षं अडवून धरला होता." मी मान डोलावली. मीही हे वाक्य वर्गात कधीतरी बोललेलो आहे. पण घरी गेल्यावर ते डोक्यातून जाईना. खरंच अडवला होता का? आणि आपल्याकडे, हिंदुस्थानात, नक्की काय झालं होतं?

आधी तुर्कस्तानचं बघू, कारण हा आरोप तिथूनच येतो. इब्राहिम मुतेफेर्रिका यांना इस्तंबूलमध्ये अरबी लिपीचा छापखाना काढायची परवानगी १७२७ मध्ये मिळाली आणि १७२९ मध्ये त्यांचं पहिलं पुस्तक, एक शब्दकोश, बाहेर पडलं. शेखुल-इस्लामच्या फतव्याने परवानगी दिली होती, फक्त धार्मिक ग्रंथ वगळून. त्याआधी सुलतानाने छापणाऱ्याला मृत्युदंड सांगणारं फर्मान काढलं होतं, ही गोष्ट पुस्तकांतून पुस्तकांत उतरत आली आहे. त्या फर्मानाची मूळ प्रत मात्र कुणी दाखवू शकलेलं नाही. उलट त्याच इस्तंबूलमध्ये यहुदी लोकांचा हिब्रू छापखाना १४९३ पासून आणि आर्मेनियन लोकांचा १५६७ पासून चालू होता. यंत्र शहरात होतं, रोज चालत होतं. अरबी लिपीच्या वाचकाला ते उशिरा का हवंसं वाटलं, हा प्रश्न उरतोच. पण 'मौलवींनी अडवलं' एवढ्या एका वाक्यात तो सुटत नाही.

मुसलमान समाज नव्या तंत्राला बिचकतो असं म्हणणाऱ्याने कागदाचीही गोष्ट आठवावी. चिनी लोकांची ही कला आठव्या शतकात समरकंदला पोचली आणि त्याच शतकाच्या अखेरीस बगदादमध्ये कागद तयार होऊ लागला. तिथून ती मिस्र, अंदलुस आणि मग युरोपात गेली. आपल्याकडे दौलताबादजवळचं कागजीपुरा आणि जुन्नरचे कागदी आजही नावाने ओळखले जातात. पेशवाईची दफ्तरं ज्या कागदावर लिहिली गेली त्यात या कारागिरांचा हात होता. कागद, शाई, दफ्तर, हे शब्द मराठीत कुठून आले ते सांगायला नको. चष्माही त्यातलाच. फारसीत चश्म म्हणजे डोळा. म्हातारपणी वाचन सुटू नये म्हणून माणसाने शोधलेलं ते सर्वात जुनं यंत्र असावं, आणि आमच्या खिडकीपाशी बसणाऱ्या एकाही बुजुर्गाने त्याला कधी नकार दिलेला नाही.

आता हिंदुस्थान. गोव्यात छापखाना १५५६ मध्ये आला. अकबर बादशाहाला १५८० मध्ये जेसुइट पाद्र्यांनी युरोपात छापलेलं अनेक भाषांतलं बायबल नजर केलं. बादशाहाने ते आदराने स्वीकारलं, पण छापखाना काढला नाही. दरबाराच्या कुतुबखान्यात खुशनवीस होते, चित्रकार होते, जिल्दसाज होते. त्यांच्या हातची पानं पाहिलेल्या डोळ्याला खिळ्यांनी छापलेलं पान कसं दिसलं असेल? इथे धर्माचा संबंध नाही, अक्षराचा आहे.

मराठी वाचकांसाठी हे जरा उलगडून सांगतो, कारण सगळी गाठ इथेच आहे. उर्दू लिहिली जाते ती नस्तालीक वळणात. हे वळण इराणात घडलं आणि फारसीबरोबर इकडे आलं. अरबी ग्रंथांचं नस्ख वळण सरळ रेषेवर चालतं. नस्तालीकचं तसं नाही. त्यात प्रत्येक शब्द उजवीकडे वरून सुरू होतो आणि डावीकडे तिरपा खाली उतरतो, जिना उतरल्यासारखा. एकच 'बे' पुढे कोणतं अक्षर आहे त्याप्रमाणे आपलं रूप बदलते, आपली उंचीही बदलते. शिशाचे खिळे एका ओळीत शेजारी शेजारी बसतात. जिना त्यांना जमत नाही. जमवायचा तर शेकडो जोडाक्षरांचे वेगळे खिळे पाडावे लागतात, आणि ते जुळवणारा माणूस कातिबापेक्षाही महाग पडतो.

तरी प्रयत्न झाले. चार्ल्स विल्किन्सने अठराव्या शतकातच नस्तालीकचे खिळे पाडले. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजने, १८०० साली स्थापन झाल्यावर, मीर अम्मनच्या 'बाग-ओ-बहार'सारखी पुस्तकं खिळ्यांनी छापली. भाषेच्या इतिहासात त्या पुस्तकांची जागा मोठी आहे. पण ती प्रामुख्याने साहेबांना भाषा शिकवण्यासाठी होती. सामान्य उर्दू वाचक त्या छपाईकडे वळला नाही.

आणि मग दगड आला.

बव्हेरियात आलोइस झेनेफेल्डरने १७९६ मध्ये शिळाछापाची रीत शोधली. तत्त्व साधं आहे, तेल आणि पाणी एकत्र येत नाहीत. गुळगुळीत चुनखडी दगडावर तेलकट शाईने लिहायचं, दगड ओला करायचा, वर छपाईची शाई फिरवायची. ओल्या भागावर शाई धरत नाही, तेलकट अक्षरावर धरते. वर कागद दाबला की पान तयार. उर्दूसाठी यात आणखी एक सोय निघाली. दगडावर उलटं लिहायची गरज नव्हती. कातिब लेप दिलेल्या पिवळसर कागदावर नेहमीसारखं सुलटं लिहायचा, तो कागद दगडावर दाबला की अक्षरं उलटी उतरायची, आणि छापताना पुन्हा सुलटी व्हायची. म्हणजे कातिबाची बैठक तीच, बोरूचा कलम तोच, वळण तेच. एका प्रतीऐवजी शेकडो प्रती निघू लागल्या, एवढाच फरक.

१८२० च्या दशकात शिळाप्रेस हिंदुस्थानात आला आणि पुढच्या तीस-चाळीस वर्षांत उर्दूच्या प्रत्येक मोठ्या गावात पसरला. लखनौ, कानपूर, दिल्ली, लाहोर. आपली मुंबई तर यात फार पुढे होती. इथे फारसी पुस्तकं छापून जहाजाने इराणला जात. फिरदौसीचा शाहनामा १८४० च्या दशकात मुंबईत दगडावर छापला गेला. मिर्झा गालिबचा उर्दू दीवान १८४१ मध्ये दिल्लीत निघाला, तोही दगडावर, सर सय्यद अहमद यांच्या भावाच्या छापखान्यात. एक फतवा नाही, एक वाद नाही. ज्या समाजाने तीनशे वर्षं यंत्र अडवलं म्हणतात, त्याने आपल्या डोळ्याला पटणारं यंत्र दिसताच एका पिढीत आपलं केलं.

या कथेतलं सर्वात मोठं नाव मुंशी नवल किशोर यांचं. १८५७ च्या उठावात लखनौ उद्ध्वस्त झालं आणि १८५८ मध्ये या बावीस वर्षांच्या तरुणाने तिथे छापखाना काढला. १८९५ मध्ये ते वारले. छापखान्याच्या नावावर पाच हजारांच्या आसपास पुस्तकं आहेत. अरबी, फारसी, उर्दू, हिंदी, संस्कृत. कुरआन शरीफ, हदीस, तफसीर, फिक्ह, आणि त्याच दगडांवर रामायण आणि पुराणांचे अनुवादही. आमच्या कपाटातल्या जुन्या पुस्तकांपैकी बरीच त्यांच्याकडची. एका हिंदू मालकाच्या छापखान्यातून कुरआन घरोघर गेला, आणि तो विकत घेताना कुणी मालकाचा धर्म विचारला नाही. आज हे सांगताना आवाज थोडा चढतो, तेवढा चढू द्यावा.

मराठीची वाट काही वेगळी नव्हती. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये शिळाप्रेसवर पंचांग छापलं. शाईत चरबी असते म्हणून छापील पोथीला हात लावायला सनातनी मंडळी तयार नव्हती. गणपत कृष्णाजींनी तुपाची शाई केली. मला हा माणूस फार आवडतो. त्याने 'हे लोक मागासलेले आहेत' असं म्हणून हात झटकले नाहीत, त्यांची अडचण कुठे आहे ते पाहिलं आणि शाई बदलली.

मात्र मराठीने पुढे एक सौदा केला, आणि तो उर्दूवाल्यांनी नीट पाहण्यासारखा आहे. रोजच्या व्यवहाराची मराठी मोडीत लिहिली जात असे. मोडीही वळणदार, हात न उचलता लिहायची, खिळ्यांना अवघड. श्रीरामपूरला विल्यम केरीने १८१० मध्ये मराठी कोश मोडीच्या खिळ्यांनी छापलासुद्धा. पण छपाईत शेवटी बाळबोध जिंकली. तिचं अक्षर सुटं, खिळ्यांना सोयीचं, आणि पोथ्यांमुळे तिला मानही होता. मोडी आधी छापील पुस्तकांतून गेली, मग कचेऱ्यांतून, आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शाळांतूनही गेली. मराठी छपाई त्यामुळे झपाट्याने वाढली, हे खरंच. आणि आज आजोबांच्या हातचं खरेदीखत वाचायला मोडी जाणणारा माणूस शोधावा लागतो, हेही खरं. उर्दूने लिपी सोडली नाही, तिने वेग सोडला. मराठीने वेग घेतला आणि एक लिपी सोडली. कुणाचं बरोबर ते मी ठरवणार नाही, पण फुकट कुणालाच काही मिळालं नाही.

उर्दूला वेग सोडल्याची खंत होतीच. सर सय्यद यांनी अलीगढचं 'इन्स्टिट्यूट गॅझेट' (१८६६) आणि 'तहजीबुल-अखलाक' (१८७०) खिळ्यांनी छापले. मौलाना आझादांनी १९१२ मध्ये कलकत्त्याहून 'अल-हिलाल' काढला तोही नस्खच्या टाइपात, छायाचित्रांसह. दोघांचं म्हणणं एकच होतं: आधुनिक व्हायचं असेल तर टाइप हवा. आणि ते चूक नव्हते. दगडाचे दोष ढळढळीत होते. कातिबाने चूक केली की ती शेकडो पानांवर उमटते. गालिबचा १८६१ चा दीवान चुकांनी इतका भरला होता की ते स्वतः वैतागले. छपाई संपली की दगड घासून दुसऱ्या कामाला, त्यामुळे दुसरी आवृत्ती म्हणजे पुन्हा पहिल्यापासून लिहिणं. रोजचं वर्तमानपत्र म्हणजे कातिबांची रात्रभर धावपळ.

'अल-हिलाल' लोकांनी डोक्यावर घेतला. त्याचा टाइप नाही घेतला. मौलानांचे विचार, त्यांची भाषा, त्यांचं धाडस सगळं आपलंसं केलं आणि अक्षर तेवढं परत केलं. पुढची साठ-सत्तर वर्षं उर्दूची बहुतेक वर्तमानपत्रं आणि पुस्तकं हातानेच लिहिली जात राहिली. दगड जाऊन ऑफसेटच्या प्लेटा आल्या, पण लिहिणारा कातिबच. सेक्रेटरीच्या भाषेत सांगायचं तर वाचक हटून बसला. मी आता त्याला हट्ट म्हणत नाही.

कारण यंत्राला शेवटी वाचकाकडे यावं लागलं. पाकिस्तानात मिर्झा अहमद जमील यांनी मोनोटाइप कंपनीबरोबर काम करून नस्तालीकचे शब्दखंड एकेक करून हाताने रेखाटले. ते हजारोंच्या संख्येत होते. त्यातून 'नूरी नस्तालीक' तयार झाला आणि १९८१ मध्ये 'जंग'च्या लाहोर आवृत्तीत वापरला गेला. जिना उतरणारं अक्षर पहिल्यांदा यंत्राने जमवलं. १९९४ मध्ये दिल्लीच्या कंपनीचं इनपेज आलं आणि घरातल्या काँप्युटरवर उर्दू पुस्तक तयार होऊ लागलं. ज्या समाजाने टाइप नाकारला त्याने इनपेज किती वर्षांत घेतलं? चार-पाच. मुंबईतल्या उर्दू वर्तमानपत्रांतल्या कातिबांच्या बैठका तेवढ्याच काळात रिकाम्या झाल्या. चेन्नईचं 'मुसलमान', १९२७ पासूनचं, हाताने लिहिलं जाणारं दैनिक म्हणून नावाजलं गेलं, ते याच मोकळ्या झालेल्या मैदानात.

त्या रिकाम्या झालेल्या बैठकांवरचा एक माणूस आमच्या वाचनालयाचा सभासद आहे. मुंबईत एका वर्तमानपत्रात वीसेक वर्षं कातिब होते. इनपेज आल्यावर गावी परतले, पुढे लग्नपत्रिका आणि दुकानांच्या पाट्या लिहून दिवस काढले. काँप्युटरवर पुस्तक शोधायला ज्यांनी सर्वात आधी नकार दिला ते हेच चाचा. समितीत सगळे म्हणाले, साहजिक आहे, काँप्युटरने त्यांची रोटी घेतली.

एके दिवशी असर नंतर मी त्यांच्याशेजारी जाऊन बसलो आणि सरळ विचारलं. ते म्हणाले, "रोटी की बात छोडो सर. वो मशीन पे मेरी किताब का नाम दिखाव." त्यांना मौलाना आझादांचं 'गुबार-ए-खातिर' हवं होतं. मी टाइप करू लागलो आणि थांबलो. नोंदी करणाऱ्या मुलाने सगळी उर्दू नावं इंग्रजी स्पेलिंगात घातली होती. 'गुबार' एकाच 'जी'ने की 'जी-एच'ने? 'खातिर' 'के'ने की 'के-एच'ने? मधला 'ए' कुठे जोडला? मी तीन वेळा प्रयत्न केला. बीएड झालेला, उर्दू शिकवणारा माणूस, मला सापडलं नाही. चाचा उठले, तिसऱ्या कपाटाकडे गेले आणि पुस्तक काढून आणलं. मराठी पुस्तकांचीही तीच गत होती. 'कोसला' शोधायला इंग्रजी यावं लागत होतं.

म्हणजे आमचा काँप्युटर खिळ्यांचा छापखाना होता. वाचकाच्या अक्षरात बोलत नव्हता, आणि आम्ही वाचकालाच दोष देत होतो.

दुरुस्ती काही मोठी नव्हती. नस्तालीकचे चांगले फाँट आता फुकट मिळतात. गूगलचाही आहे. उर्दू नावं उर्दूत, मराठी नावं देवनागरीत, अक्षर मोठं, आणि वरच्या फळीवरचं रजिस्टर खाली टेबलावर. नोंदी पुन्हा कराव्या लागल्या. तो कॉलेजचा मुलगा उर्दू बोलतो पण वाचत नाही, म्हणून चाचा त्याच्याशेजारी बसून नावं सांगत. चुका काढायची त्यांची सवय जुनी. एका 'ये'चे दोन ठिपके राहिले तरी थांबवतात. इतरांपैकी निम्मे आता काँप्युटरवर नाव शोधतात, निम्मे रजिस्टर उघडतात, आणि एक गृहस्थ दोन्ही न करता चाचांना विचारतात.

एक भांडण अजून मिटलेलं नाही. शिळाछापाची साठ-सत्तर पुस्तकं आहेत. कागद पिवळा पडून तुकडे पडतात. समितीतल्या काहींचं म्हणणं, यातलं बरंचसं रेख्ताच्या वेबसाइटवर स्कॅन करून ठेवलेलं आहे, २०१३ पासून त्यांनी ते काम मोठ्या प्रमाणावर केलं आहे, मग आपण ही कपाटं कशाला अडवायची? जागा लागते, वाळवी लागते. मुद्दा खोटा नाही. पण स्कॅन झालेली प्रत कुठल्या तरी दुसऱ्या वाचनालयाची आहे. आमच्या प्रतींच्या हाशियावर या गावातल्या माणसांनी लिहिलेलं आहे, कुणी शब्दाचा अर्थ, कुणी मुलाच्या जन्माची तारीख, कुणी सावकाराचा हिशेब. ते कुठेच स्कॅन झालेलं नाही. मी समितीला म्हटलं, आधी आपल्या प्रतींचे फोटो मोबाइलवर काढू, मग बोलू. निर्णय पुढच्या बैठकीवर गेला आहे.

त्या कामात गेल्या आठवड्यात एक पुस्तक निघालं, पहिलं पान गेलेलं, शेवट शाबूत. मुलाने साल माहीत नाही असं लिहायला घेतलं. चाचांनी पुस्तक जवळ ओढलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि शेवटच्या पानावरचा किताए-तारीख वाचला. जुन्या पुस्तकांत छपाईचं साल असं शेरात लपवलेलं असतं. अबजदप्रमाणे अलिफचा एक, बेचे दोन, अशी अक्षरांची बेरीज केली की साल मिळतं. बोटांवर मोजत, दोनदा चुकून, त्यांनी सांगितलं: हिजरी १३०१. म्हणजे इसवी १८८३-८४. मुलाने मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर बेरीज पुन्हा करून पाहिली. बरोबर होती.

आमच्या सॉफ्टवेअरमध्ये हिजरी सालासाठी रकाना नाही. ते सध्या 'शेरा' या रकान्यात आहे.